आठवड्याची गोळी रोज दिली गेली आणि आई गेली. गोव्यात तक्रार कुठे, कशी करावी?

अबोली_पेडणे

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वाचायलाच येते. आज लिहितेय, कारण घरात तीन माणसांची तीन मतं झाली आहेत आणि मला घराबाहेरच्या, शांत डोक्याच्या माणसांशी बोलायचंय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी आई श्रावणात गेली. वय ७१. तिला आमवात होता, रुमॅटॉइड म्हणतात तो. बोटं वाकडी झालेली, आदोळीवर बसून नारळ खवणं कधीचंच सुटलेलं. पण औषधाने ती पुष्कळ सावरली होती. औषध मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच. वार तिनेच निवडला, गुरुवार. सकाळी दत्ताची पूजा, मग पेज, मग गोळी. घरात तिचं नावच 'दत्ताची गोळी'. डॉक्टरांनी सांगितलेली रक्ततपासणीसुद्धा ती स्वतः आठवण करून करवून घ्यायची.

जूनमध्ये पावसात अंगणात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. एका खासगी रुग्णालयात ऑपरेशन झालं. ते उत्तम झालं, त्याबद्दल काही तक्रार नाही. घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड मिळालं, छापील, सुबक. औषधांची लांबलचक यादी आणि तिच्यात मध्येच कुठेतरी मेथोट्रेक्सेट १० मिग्रॅ, पुढे १-०-०, १५ दिवस. म्हणजे रोज सकाळी एक. भरती करताना आम्ही जुना कागद दिला होता, त्यावर आठवड्यातून एकदा असं स्पष्ट होतं. तिथल्याच फार्मसीने कार्ड बघून पंधरा गोळ्या दिल्या. वहिनीने कार्ड बघून डबा लावला. तिचं काम इतकं चोख की एक गोळी इकडची तिकडे झाली नाही.

एक दिवस वहिनीने गोळी हातावर ठेवली तेव्हा आईने विचारलं, "आज बिरेस्तार?" म्हणजे आज गुरुवार का? वहिनी म्हणाली, नाही हो, सोमवार. "मागीर ही कित्याक?" (मग ही कशाला?) कंपनी वेगळी होती, गोळी नेहमीसारखी दिसत नव्हती, आणि वयस्कर माणसं ऑपरेशननंतर थोडे दिवस असंबद्ध बोलतात हे आम्हाला रुग्णालयातच सांगितलेलं. वहिनीला वाटलं, वारांचा गोंधळ होतोय. आईने गोळी घेतली.

मग तोंड आलं. उष्णता म्हणून कोकम, तूप, ग्लिसरीन. पाणीसुद्धा गिळवेना. मग ताप आला, अंगावर लाल ठिपके उठले. १०८ बोलावून बांबोळीला, सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेलं. पांढऱ्या पेशी हजाराच्याही खाली, प्लेटलेट्स संपत आलेल्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी औषधांची पिशवी टेबलावर उपडी केली, एक पाकीट उचललं आणि विचारलं, "ही रोज देताय?" उतारा लगेच सुरू केला, पण तोवर संसर्ग रक्तात गेला होता.

भाऊ म्हणतो, पोलिसांत जाऊ. बाबा म्हणतात, ती परत येणार आहे का, सोडा. मला पैसे नकोत. ते १-०-० कसं छापलं गेलं हे मला कळायला हवं आणि पुन्हा कुणाच्या कार्डावर ते येता कामा नये. वहिनी हल्ली कुणाशी धड बोलत नाही.

रुग्णालयाचं नाव विचारू नका, लिहिणार नाही.

माणकुराद

वाचून सुन्न झालो. आईंना श्रद्धांजली. वहिनींना सांगा, त्यांनी कागदावर लिहिलं तेच केलं. कागद चुकीचा होता.

औषधवाला_फोंडा

मी फार्मासिस्ट. फोंडा तालुक्यात स्वतःची फार्मसी आहे. धागा वाचून दुकानात गेलो आणि पहिल्यांदा मेथोट्रेक्सेटचा खण वेगळा केला, ते पुढे सांगतो.

हे औषध मुळात कॅन्सरचं. फार छोट्या मात्रेत, आठवड्यातून एकदा दिलं की आमवात आणि सोरायसिसवर उत्तम चालतं, स्वस्त आहे, लाखो लोक सुखरूप घेतात. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर धागा वाचून कुणीतरी उद्यापासून बंद करेल. ते पेशीला फॉलिक ॲसिड वापरू देत नाही. ज्या पेशी झपाट्याने नव्या होतात त्यांना फटका आधी बसतो: अस्थिमज्जा, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर. म्हणून तोंड येणं ही पहिली घंटा असते. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या माणसाचं तोंड सोलवटलं तर कोकम नंतर, आधी त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी. आठवडाभराच्या मध्ये शरीराला सावरायला वेळ मिळतो. रोज दिलं की तो वेळच मिळत नाही.

आता माझ्या धंद्याबद्दल. कार्डावर मेथोट्रेक्सेट १-०-० दिसलं की काउंटरवरचा हात थांबलाच पाहिजे. संधिवाताला हे रोज देतच नाहीत, फार्मसीच्या विद्यार्थ्याला विचारा, तोही सांगेल. फोन उचलायचा आणि डॉक्टरला विचारायचं. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. पण काउंटरवर प्रत्यक्षात कोण उभं असतं? फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर आणि गोळ्या देणारा पोरगा बारावी. सगळीकडे असं नाही, पण आहे. हा प्रश्न तुमच्या तक्रारीत जरूर घ्या: त्या दिवशी त्या औषधांवर कुणाची सही होती?

आणखी एक घोळ. याच्याबरोबर फॉलिक ॲसिडही देतात, बहुतेकदा वेगळ्या दिवशी. दोन्ही गोळ्या छोट्या, दोन्ही पिवळट, आणि बाजारात दोन्हींची काही नावं 'फोल'पासूनच सुरू होतात. एकीच्या जागी दुसरी जाणं अजिबात अवघड नाही. म्हणून मी खण वेगळा केला. पाकिटावर मार्करने वार लिहून देतो, 'फक्त गुरुवार', आणि एका वेळी चारच आठवड्यांच्या गोळ्या देतो. गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

खरं_तेच_बोलणार

सहानुभूती आहे पण एक विचारतो. आई इतकी वर्षं आठवड्यातून एकदा घेत होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं ना? मग कार्डावर रोज दिसल्यावर एक फोन करायचा. सगळं डॉक्टरवर ढकलणं सोपं असतं. मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहे, नाव टाकलं की सगळं दिसतं.

माणकुराद

@खरं_तेच_बोलणार, मोठ्या रुग्णालयातून नवं कार्ड मिळाल्यावर 'डॉक्टरांनी आता बदललं असेल' असंच कुणीही समजणार. तुम्ही तुमच्या वडिलांच्या डिस्चार्ज कार्डातली प्रत्येक ओळ ताडून पाहिली होती का? उगाच मीठ चोळू नका.

स्टेथो_आणि_छत्री

डॉक्टर आहे, गोव्यातच काम करतो. रुग्णालय कुठलं ते मला माहीत नाही आणि तिथे नेमकं काय झालं हेही मी सांगू शकत नाही. पण असं घडतं कसं, ते सांगतो.

डिस्चार्ज कार्ड मुख्य सर्जन लिहीत नाही. वॉर्डातला सर्वांत ज्युनियर लिहितो, सकाळी राउंड संपल्यावर, पाच-सहा पेशंट एकदम सोडायचे असतात आणि नातेवाईक बिलासाठी ताटकळत असतात. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये औषध निवडलं की पुढे 'दिवसातून एकदा' आपसूक येऊन बसतं. 'आठवड्यातून एकदा' करायचं तर यादी उघडून शोधावं लागतं, कुठे कुठे तो पर्यायच नसतो. अस्थिरोग विभागात हे औषध रोजच्या हातातलं नाही, त्यामुळे बघणाऱ्याला खटकत नाही. आणि छापील अक्षरावर माणूस जास्त विश्वास ठेवतो. गिचमिड अक्षर असतं तर एखाद्याने विचारलं असतं. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलने औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा असा नियम केला. इथे नाव सुवाच्यच होतं, मात्रासुद्धा बरोबर होती. चुकला तो वार.

@खरं_तेच_बोलणार, ही चूक गोव्यातली किंवा भारतातलीच नाही. ब्रिटनमध्ये १९९३ ते २००२ या काळात तोंडाने घेण्याच्या मेथोट्रेक्सेटच्या घोळातून २५ मृत्यू नोंदले गेले. तिथले सगळे नातेवाईक निष्काळजी नव्हते. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने पुन्हा नियम कडक केले: पाकिटावर ठळक इशारा, रुग्णाकडे कार्ड आणि गोळी कुठल्या वारी घ्यायची याची नोंद. इतक्या वर्षांनंतरही तिथे ते करावं लागलं, कारण फक्त 'काळजी घ्या' म्हणून ही चूक थांबत नाही.

घरात कुणी हे औषध घेत असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. किडनी मंदावली की औषध शरीरात साठतं, म्हणून उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं की त्या आठवड्याच्या गोळीबद्दल आधी डॉक्टरला विचारा. आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला सर्रास देतात ते कोट्रायमॉक्साझोल याच्याबरोबर नको. त्या जोडीने एका आठवड्याच्या बरोबर मात्रेवरही पेशी कोसळलेल्या मी पाहिल्या आहेत.

खरं_तेच_बोलणार

ठीक. माझा सूर चुकला असेल, प्रश्न मागे घेत नाही. डॉक्टरांचा प्रतिसाद उपयोगी.

तिसऱ्या_सुकें

अवांतर नाही, माझंही असंच आहे म्हणून लिहितेय. माझे पपा वास्कोला. साखरेचा जुना डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा. हृदयवाल्याने 'साखर वाढलीय' म्हणून एक गोळी वाढवली. जुन्या डॉक्टरची गोळीही चालू होती. नावं वेगवेगळी, पाकिटं वेगवेगळी, आत दोन्हीकडे ग्लिमेपिराइडच. कुणी ताडलं नाही, कारण एकाचा कागद दुसऱ्याने पाहिलाच नाही. रात्री जेवण कमी झालं, सकाळी उठवायला गेलो तर घामाने भिजलेले आणि शुद्ध नाही. साखर चढवली की वर यायची आणि परत खाली. डॉक्टर म्हणाले, या गोळीचा असर लांबतो, म्हाताऱ्यात तर जास्तच. त्यातून ते पूर्ण बाहेर आलेच नाहीत. नंतर न्यूमोनिया होऊन गेले.

आम्ही तक्रार केली नाही. दोन्ही डॉक्टर सज्जन, एकजण तर अंत्यविधीला आला होता. खरं सांगायचं तर तो आला म्हणूनच तक्रार करता आली नाही. आजही कळत नाही ते बरोबर होतं का. अबोली, तुमच्या बाबांना घाई करू नका, पण स्वतःलाही गप्प बसवू नका.

काळा_कोट

वकील आहे, पण हा सर्वसाधारण माहितीचा प्रतिसाद समजा. तुमची फाईल पाहिल्याशिवाय सल्ला देता येत नाही.

सगळ्यात आधी कागद. रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून संपूर्ण केस पेपर मागा: भरतीची नोंद, नर्सिंग चार्ट, औषधांचा चार्ट, डिस्चार्ज कार्डाची प्रत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, तोंडी बोलणं कुठेच उभं राहत नाही. भरती असताना वॉर्डात ही गोळी कशी दिली होती, हे औषधांच्या चार्टवरून समजेल आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. उरलेल्या गोळ्यांची पाकिटं, फार्मसीचं बिल, वहिनींनी लावलेला डबा, बांबोळीचे रिपोर्ट, यातलं काहीही टाकू नका. बिलावर बॅच नंबर असतो.

पोलीस. भावाची चीड समजते, पण १ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू) लागतं आणि डॉक्टरवर फौजदारी कारवाईचा उंबरठा उंच आहे. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की साधी चूक पुरेशी नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. शिवाय गुन्हा कोणावर? ज्याने टंकलं त्या पोरावर? तो इंटर्न अडकेल आणि सॉफ्टवेअर तसंच राहील.

गोवा मेडिकल कौन्सिल. तक्रार नोंदणीकृत डॉक्टरविरुद्ध असते, रुग्णालयाविरुद्ध नाही, म्हणून नावं लागतील. सहा महिन्यांत निर्णय व्हावा असं नियम म्हणतो. नियम म्हणतो, एवढंच मी म्हणेन. फार्मसीबद्दलची तक्रार वेगळी, ती अन्न व औषध प्रशासनाकडे, बांबोळीला.

ग्राहक आयोग. खासगी, पैसे घेणारं रुग्णालय १९९५ च्या शांता निकालापासून ग्राहक कायद्याखाली येतं. उत्तर गोव्याचा जिल्हा आयोग पर्वरीला, दक्षिणेचा मडगावला. मुदत घटनेपासून दोन वर्षं. तुम्हाला पैसे नकोत हे वाचलं, पण रुग्णालयाला लेखी उत्तर देणं भाग पाडायचं तर हीच जागा, आणि मिळालेली भरपाई कुणाला द्यायची ते तुमच्या हातात आहे. बाबांना आत्ता निर्णय घ्यायला लावू नका. रेकॉर्ड तेवढं आत्ताच मागा.

रात्रपाळी

नर्स आहे, सरकारी. आमच्याकडे एकदा पेशंटची बाई म्हणाली, ही गोळी मला नको, माझी ती वेगळी. मी चार्ट दाखवला आणि दिली. तसं काही झालं नाही, पण पुढच्या शिफ्टच्या सिस्टरने चार्टच चुकलेला पकडला. तेव्हापासून पेशंट 'ही माझी नाही' म्हणाला की मी ट्रे खाली ठेवते. अबोलीताई, तुमच्या आईने बरोबर ओळखलं होतं, हे तक्रारीत लिहा. पेशंटचं बोलणं कशात धरत नाहीत आमच्याकडे.

अबोली_पेडणे

सगळ्यांची आभारी आहे. वहिनीला डॉक्टरांचा आणि रात्रपाळीचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती रडली, मग म्हणाली, तो डबा मी धुऊन ठेवला होता, आता पुरावा म्हणून चालेल का? चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या आहेत. @काळा_कोट, चालेल ना?

रेकॉर्डसाठी अर्ज दिला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, साहेब रजेवर आहेत, नंतर या. मी म्हटलं, साहेब नकोत, शिक्का हवा. शिक्का मिळाला.

काळा_कोट

चिठ्ठ्यांसकट ठेवा. आत्ताच फोटो काढा, तारखेसह.

आंबोलीचा_पाऊस

हे सगळं करून काय मिळणार? यंत्रणा सगळी सडलेली आहे. मंत्री, संत्री, सगळे एकाच माळेचे मणी.

माणकुराद

@आंबोलीचा_पाऊस, त्यासाठी राजकारणाचा विभाग आहे.

अबोली_पेडणे

धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं म्हणून.

रेकॉर्ड मिळालं. ७२ तासांत नाही, दोनदा आठवण द्यावी लागली, पण मिळालं. वॉर्डातल्या औषधांच्या चार्टवर हाताने लिहिलंय 'आठवड्यातून एकदा, गुरु', आणि त्याप्रमाणे तिथे तिला बरोबर गोळी मिळालेली आहे. म्हणजे रुग्णालयाला माहीत होतं. चार्टवरून संगणकात जाताना वार गळला. भरती होतानाच्या कागदाची आमची झेरॉक्सही फाईलमध्येच आहे, व्यवस्थित पंच केलेली.

मी, भाऊ आणि बाबा वैद्यकीय अधीक्षकांना भेटलो. बाबा येणार नाही म्हणाले होते, पण ऐन वेळी चप्पल घालून दारात उभे. अधीक्षक नीट बोलले. चहा विचारला, आम्ही घेतला नाही. सॉफ्टवेअरमध्ये ते औषध निवडलं की १-०-० आपोआप येतं हे त्यांनी मान्य केलं, आता बदललं आहे म्हणाले. मी म्हटलं, हे लेखी द्या. तेव्हा मात्र 'कायदा विभागाला विचारावं लागेल'. बाबा तिथवर एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी विचारलं, बदललं म्हणता तर मला दाखवा. संगणकावर आत्ता टाका ते औषध. अधीक्षकांनी कुणाला तरी फोन लावला, मग म्हणाले, आज सर्व्हर डाऊन आहे.

बाहेर आल्यावर बाबांनीच भावाला विचारलं, पर्वरीला वकील कोण बरा?

पोलिसांत जात नाही, त्यावर तिघांचं एकमत झालं. ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे, आणि फार्मसीविरुद्ध अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी तक्रार दिली. बिलावर फार्मासिस्टची सही नाही, नुसता शिक्का. मागण्यांमध्ये मी लिहिलंय: आठवड्याच्या औषधाला वार भरल्याशिवाय कार्ड छापलंच जाऊ नये. वकील म्हणतात, आयोग असा आदेश देईलच असं नाही. लिहायला काय जातं?

औषधवाला_फोंडा

सही नाही हे फार मोठं आहे. सोडू नका. आणि फार्माकोव्हिजिलन्सच्या, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, हेल्पलाइनलाही कळवा, १८००-१८०-३०२४. घरच्यांनी भरायचा साधा फॉर्म आहे, मराठीतही मिळतो. त्यातून कुणाला शिक्षा होत नाही, पण नोंद होते. आपल्याकडे या चुका मोजल्याच जात नाहीत, हे अर्धं दुखणं.

वाळपईची_सून

मी नवीन सदस्य. सासूबाईंना सोरायसिससाठी हेच औषध आहे. धागा वाचून त्यांचं पाकीट पाहिलं. कागदावर ७.५ लिहिलंय, फार्मसीने २.५ च्या गोळ्या दिल्यात, तीन एकदम रविवारी घ्यायला सांगितलंय. त्या मात्र रविवार, सोमवार, मंगळवार अशा एकेक घेतात, एकदम घेतल्या की मळमळतं म्हणून. चालतं का?

औषधवाला_फोंडा

नाही. मनाने असं वाटून घेऊ नका. मळमळ होत असेल तर त्यावर उपाय आहेत, ते डॉक्टर सांगतील. या आठवड्याची पुढची गोळी देण्याआधी त्यांच्या त्वचारोगतज्ज्ञाला फोन करा आणि रक्त शेवटचं कधी तपासलं तेही सांगा. तोंडात काही लाल, सोललेलं आहे का?

वाळपईची_सून

तोंड ठीक आहे. रक्त चवथीच्या आधी तपासलं होतं. फोन लावतेय.

स्टेथो_आणि_छत्री

लागला का फोन? नाही लागला तर मला व्यनि करा.

वाळपईची_सून

लागला. उद्या बोलावलंय, सीबीसी आणि किडनीची तपासणी करून या म्हणाले, तोवर गोळी देऊ नका. पाकिटावर 'रविवार' लिहून फ्रिजवर ठेवलंय.